साळ्याला ट्रेलवर न्यावं की घरी ठेवावं?

प्रश्न : आम्ही शाळेपासूनचे सात मित्र, सगळे चाळिशी ओलांडलेले. रविवारी सकाळी गाड्या काढतो, कधी रामटेक-खिंडसी, कधी काटोलकडे, तर्री पोहे खाऊन परत. दोनेक वर्षांपासून मातीत चालवायचं वेड लागलंय. नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी शहराबाहेरच्या एका ट्रेल पार्कमध्ये दिवसभर जायचं ठरलंय. नेहमीप्रमाणे सगळी जमवाजमव माझ्याकडे, आगाऊ पैसेही मीच भरले. अडचण साळ्याची आहे. तो सत्तावीस वर्षांचा. दसऱ्याला त्याने रॉयल एनफील्डची नवी हिमालयन ४५० घेतली, पण मातीत एकदाही घातली नाही. 'भाऊजी, मी पण येऊन राहिलो' असं त्याने परस्पर जाहीर करून टाकलं. बायको म्हणते, तुमचे फोटो पाहूनच त्याने गाडी घेतली, आता न्या आणि धडधाकट परत आणा. सासूबाईंचा रोज फोन. आणि आमच्यातला सगळ्यात पट्टीचा रायडर म्हणतो, 'नवख्याला आणशील तर दिवसाची वाट लागते, त्याला घरीच राहू दे.' खरं सांगू का, मलाही त्या दिवशी मनसोक्त गाडी चालवायची आहे. नेलं तर जबाबदारी, नाही नेलं तर घरात अबोला. काय करू?
– एक भाऊजी, मानेवाडा, नागपूर

उत्तर : भाऊ, साळ्याला न्या. पण पत्रातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलेलं वाक्य त्याच्याबद्दलचं नाहीच. 'मलाही मनसोक्त गाडी चालवायची आहे' हे ते वाक्य. तुम्ही ते जरा लाजतच लिहिलंय, आणि सगळी गोची तिथेच आहे. जमवाजमव तुमच्याकडे, साळ्याची राखण तुमच्याकडे, आणि शिवाय त्या पट्टीच्या मित्राच्या धुळीत त्याचा पाठलागही तुम्हालाच करायचाय. एका माणसाकडून एका दिवसात ही तिन्ही कामं होत नाहीत. अशा दिवशी काय होतं ते मी पाहत आलोय. पहिल्या फेरीत भाऊजी प्रत्येक वळणावर मागे वळून बघतात. दुसऱ्या फेरीत एखाद्या वळणावर. जेवण झाल्यावर रंगात येतात आणि विसरतात. साळा मागे एकटा पडतो, एकटा पडला म्हणून घाई करतो आणि घाईत आडवा होतो. मग सगळे म्हणतात, पोरगा नवखा होता.

म्हणून घरी काय सांगायचं, मित्राला काय सांगायचं हे नंतर. त्या रविवारी तुम्ही कोण असणार, हे आधी ठरवा. सरळ मार्ग दोनच आहेत. एक म्हणजे तो दिवस साळ्याला देऊन टाकायचा. त्याच्या पुढे-मागे राहायचं, स्वतःच्या गाडीला दुसऱ्या गियरच्या वर जायची संधीच मिळणार नाही हे मान्य करायचं आणि त्याबद्दल संध्याकाळी कुरकुर करायची नाही. दुसरा म्हणजे सकाळचे तास त्याला पार्कच्या प्रशिक्षकाच्या हवाली करायचं आणि तुम्ही मोकळं व्हायचं. 'थोडं त्याच्याकडे बघतो, थोडं मी चालवतो' हा तिसरा मार्ग तुमच्या मनात आहे, हे पत्रावरून दिसतं. तोच धोक्याचा आहे.

माझं मत प्रशिक्षकाच्या बाजूने. त्याला तुमच्यापेक्षा जास्त येतं हे एक कारण झालंच, पण खरं कारण नात्याचं आहे. साळा भाऊजींसमोर 'मला हे जमत नाही' असं म्हणणार नाही. उतारावर पोटात गोळा आला तरी म्हणेल, 'हो ना, चालते.' आणि तुम्ही त्याच्यावर वेळेवर ओरडू शकणार नाही, कारण ओरडलात की ते संध्याकाळपर्यंत मानेवाड्याच्या स्वयंपाकघरात पोचलेलं असेल. परक्या माणसाला ही अडचण नाही. तो म्हणेल थांब, की हा थांबेल. त्याची फी साळ्यालाच भरू द्या. स्वतःचे पैसे मोजले की माणूस लक्ष देऊन शिकतो.

आणि एक करून बघा. तुमच्या सातांतले दोघे-तिघे तरी मनातून प्रशिक्षकाकडे जायला तयार असतील. चाळिशीतला माणूस 'मला उभं राहून चालवता येत नाही' हे आपणहून कबूल करत नाही, पण 'पोरासोबत जरा तुम्ही पण राहता का' असं विचारलं की लगेच हो म्हणतो. मोठेपणाचा मान राहतो आणि शिकणंही होतं. म्हणजे साळा एकटा 'ढ'च्या बाकावर बसणार नाही.

ट्रेल पार्क निवडलंत हे फार बरं केलंत. आपल्याकडे बरेच ग्रुप नवख्याला घेऊन थेट पांदण रस्त्यांवर घुसतात. कोणाच्या तरी धुऱ्यावरून गाड्या काढतात. नोव्हेंबरमध्ये तूर उभी असते, कापूस वेचणीला आलेला असतो, वळणापलीकडून बैलबंडी येते, नाहीतर एखादा रोही, म्हणजे नीलगाय, आडवा पळतो. काही महाभाग पेंच, बोर किंवा उमरेड-कऱ्हांडल्याच्या कडेने 'थोडंसं आत' जातात. १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली अभयारण्यात परवानगीशिवाय पाऊलही टाकता येत नाही, आणि वाघाला तुमच्या ग्रुपचं नाव माहीत नसतं. पार्कमध्ये बंद जागा, एकाच दिशेने जाणारे ट्रॅक, सोपे-अवघड अशा खुणा, आणि फाटकाशी कोणीतरी माणूस. डकार रॅलीत, म्हणजे वाळवंटातल्या त्या अतिशय खडतर शर्यतीत, २०१५ मध्ये उतरलेला पहिला भारतीय सी. एस. संतोष याने कर्नाटकात कोलारजवळ अशीच जागा उभी केली. तुमचा साळा मोबाइलवर डकारच्या वाळूतल्या उड्या बघत असणार, सगळेच बघतात. त्याला हे जरूर सांगा, आणि हेही सांगा की त्याच संतोषला २०२१ च्या डकारमध्ये सौदी अरेबियात पडल्यावर कोमात ठेवावं लागलं होतं. भीती घालण्यासाठी सांगायचं नाही. त्या उड्या ज्या माणसांच्या असतात ती आयुष्यभर हेच करत आलेली असतात आणि तरीही पडतात, एवढं त्याला कळलं तरी पुरे.

आता गाडी. हिमालयन ४५० चांगली गाडी आहे, पण तिचं वजन १९६ किलो. रस्त्यावर ते जाणवत नाही. मातीत ती आडवी झाली की चौथ्यांदा उचलताना जाणवतं. पार्कमध्ये हलकी गाडी भाड्याने मिळत असेल, म्हणजे एक्सपल्ससारखी १६० किलोच्या आसपासची, तर सकाळचे तास त्याने ती घ्यावी. तो नाक मुरडेल, कारण नव्या गाडीचेच फोटो हवे असणार. त्याला सांगा, फोटो दुपारी. नव्या गाडीच्या टाकीवर पहिला ओरखडा पडला की माणसाचं लक्ष ट्रॅकवरून उडतं आणि हप्त्यांकडे जातं.

गाडी भाड्याने मिळत नसेल तर त्याच्याच गाडीवर होईल, पण सावकाश. मागच्या चाकाचं एबीएस, म्हणजे ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, त्या गाडीत बंद करता येतं. मोकळ्या मातीवर ते बंद ठेवायचं, पुढचं चालूच असतं ते चालूच राहू द्यायचं. टायरची हवा रस्त्यासाठी असते त्यापेक्षा कमी करायची. साधारण वीस-बावीस पीएसआय पुरे. त्याखाली जायचा मोह नको, कारण चाकात ट्यूब असेल तर दगडावर आपटताना ती रिमखाली चिमटते आणि दोन भोकं पडतात. परतीला हवा पुन्हा भरावी लागते, तेव्हा पंप कोणाकडे आहे ते शनिवारीच विचारून ठेवा. आरसे काढून ठेवा. क्लच आणि ब्रेकच्या दांड्यांचे क्लॅम्प अगदी करकचून आवळू नका. गाडी पडली की दांडी जागेवर फिरली पाहिजे, मोडता कामा नये. तरीही एक जास्तीची क्लचची दांडी खिशात असू द्या. तिच्याअभावी दिवस संपलेले लोक मी झाडाखाली बसलेले पाहिलेत, आणि त्यांच्यासारखं केविलवाणं दृश्य दुसरं नाही.

अंगावर काय घालायचं याबाबतीत मी कडक आहे. हेल्मेटचं तर तुम्हाला सांगायला नको. नवखे लोक हेल्मेट चांगलं घेतात आणि पायात कॉलेजचे स्पोर्ट्स शूज घालून येतात. मातीत सगळ्यात आधी पाय सापडतो, गाडीखाली किंवा फूटपेगच्या, म्हणजे पाय ठेवायच्या दांडीच्या, मागे. घोटा झाकणारे, तळ ताठ असलेले बूट हवेतच. विकत नसतील तर तुमच्यापैकी कोणाचे तरी मापाचे मिळतात का बघा, किंवा पार्ककडे विचारा. गुडघा आणि कोपर झाकणारे गार्ड, हातमोजे, डोळ्यांना गॉगल. यातलं काही नसेल तर त्याने त्या दिवशी प्रेक्षक म्हणून यावं आणि तुमचे व्हिडिओ काढावेत. यात तडजोड नाही, सासूबाई तुमच्या बाजूने असोत वा नसोत.

प्रशिक्षक सकाळी काय शिकवतो याची थोडी कल्पना साळ्याला आधी द्या, नाहीतर त्याला वाटेल आपल्याला बालवाडीत घातलं. चांगला प्रशिक्षक आधी गाडी मुद्दाम आडवी करून उचलायला लावतो. हँडल वळवून, सीटला पाठ टेकवून, गुडघे वाकवून, पायांच्या जोरावर. कमरेच्या जोरावर उचलली की सोमवारी ऑफिसला सुट्टी. मग उभं राहून चालवणं. गुडघ्यांनी टाकी धरायची, हात सैल, नजर पुढच्या चाकावर नको, लांब. नवखा माणूस ज्या दगडाला घाबरतो त्याच्याकडे बघत राहतो आणि बरोबर त्याच्यावरच जातो. यानंतर चढ. चढावर मध्येच गाडी बंद पडली तर काय करायचं हे आधी शिकायचं, चढायचं नंतर. गाडी गियरमध्ये ठेवायची, पुढचा ब्रेक धरायचा, आणि पडायचंच असेल तर चढाच्या बाजूला पडायचं. आणि पाय जमिनीवर टेकवत, घासत जायचं नाही. रस्त्यावरची ती सवय मातीत घोटा मोडते. साळ्याला बाकी काही आठवलं नाही तरी हे आठवू द्या.

तुमच्या पट्टीच्या मित्राबद्दल. त्याचं निम्मं बरोबर आहे. नवख्याला वेगवान लोकांच्या रांगेत घातलं तर सगळ्यांचाच दिवस खराब होतो, आणि सगळ्यात जास्त नवख्याचा. पण त्यावर उपाय त्याला घरी ठेवणं नाही, रांगा दोन करणं आहे. वेगवान तिघं एकत्र, अवघड ट्रॅकवर. तिघं, कारण एक पडला तर एक त्याच्यापाशी थांबतो आणि एक मदत आणायला जातो. तुमचा मित्र एकट्याने 'एक राउंड मारून येतो' म्हणेल, तेव्हा नाही म्हणायचं काम तुमचं. आयोजक तुम्ही आहात ना, मग हे अप्रिय कामही त्यातच आलं. त्याची 'काहून बे, घाबरला का?' ही हाक तुम्हाला चांगली ओळखीची असणार. त्या हाकेला उत्तर न देता जागच्या जागी उभं राहता आलं की अर्धं आयोजन जमलं.

जेवणानंतर एक फेरी सगळ्यांनी मिळून करा, सोप्या ट्रॅकवर, आणि ती करताना क्रम ठरलेला असू द्या. बहुतेक ग्रुप इथेच चुकतात. सगळ्यात पट्टीचा पुढे, मग त्याच्या खालोखालचा, आणि नवखा सगळ्यात शेवटी. दिसायला योग्य वाटतं, पण मग नवख्याकडे कोणाचंच लक्ष नसतं आणि पुढच्यांना गाठायचं ओझं त्याच्यावर. त्याची जागा दुसरी, पुढच्याच्या लगेच मागे. पुढे तुम्ही राहा, कारण तुम्हाला त्याची काळजी आहे, म्हणजे वेग आपोआप बेताचा राहील. त्याला तुमच्या गाडीची रेघ दिसेल, कुठे ब्रेक लावलात, कुठून वळलात तेही दिसेल. आणि सगळ्यात शेवटी तो पट्टीचा मित्र. शेवटचा माणूस निगुतीचा लागतो. पडलेल्याला उठवता येणारा, वाकलेली दांडी सरळ करता येणारा, घाई नसलेला. पहिल्या दोन गोष्टी त्याच्याकडे आहेत, तिसरी एका फेरीपुरती उसनी आणू द्या. 'तू मागे असलास तर मला पुढे घोर नाही' असं म्हणा. हे खरंही आहे, आणि पट्टीच्या माणसाला असं म्हटलेलं आवडतं.

फाटा आला की पुढच्याने तिथे थांबायचं, मागचा डोळ्यांना दिसला की मगच निघायचं. प्रत्येकाने फक्त आपल्या मागच्या एकाचा हिशोब ठेवायचा. एवढा एक नियम पाळला तर आठ जणांत कोणी हरवत नाही, आणि मोबाइलला रेंज असो-नसो, फरक पडत नाही. अंतर भरपूर ठेवा. नोव्हेंबरात मुरुमाची धूळ इतकी उडते की दहा फुटांवरचा माणूस दिसत नाही.

मुरुमावरून जमिनीचं आठवलं. पार्क शहराच्या कोणत्या बाजूला आहे ते तुम्ही लिहिलं नाही, पण त्याने फरक पडतो. नागपूर दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या अगदी काठावर वसलंय. पश्चिमेला, हिंगणा-कळमेश्वर-काटोलकडे, तो पाषाण आणि त्याची काळी कपाशीची माती. पूर्वेला, भंडाऱ्याकडे जाताना, खडकच बदलतो. बरड, मुरमाड जागेवर पाऊस पडून गेला तरी पाणी निचरून जातं, टायर धरतो. काळीचं तसं नाही. पाऊस जाऊन महिना उलटला तरी नाल्याकाठची, झाडाच्या सावलीतली काळी वरून वाळलेली आणि आतून ओली असते. वरची खपली चाकाखाली फुटली की खाली लोणी. आणि ती नुसती घसरत नाही, चिकटते. चाक आणि मडगार्डच्या मधे इतकी भरते की चाक फिरायचं थांबतं. मातीच्या खास गाड्यांचं पुढचं मडगार्ड चाकापासून इतकं उंच असतं ते याचसाठी. तेव्हा आदल्या आठवड्यात अवकाळी सर आली तर पार्कला फोन करून कोणते ट्रॅक बंद आहेत ते विचारा. 'या तर खरं, बघू' असं उत्तर मिळालं तर नवख्यासह जाऊ नका, पुढचा रविवार धरा. पुढे उन्हाळ्यात याच काळीला अशा भेगा पडतात की पुढचं चाक अडकतं, पण मे महिन्यात जायचं असतं तर मी तुमचं पत्र वाचलंच नसतं. २३ मे २०१३ ला या शहराने ४७.९ अंश पाहिलेत. गार्ड आणि जॅकेट घालून तसल्या उन्हात नाचायचं वेड आपल्याला नको. नोव्हेंबरातही आत घामाची आंघोळ होते. पाणी पाठीवर असू द्या, डिकीत नको. मीठ-साखर-लिंबू सोबत, आणि तहान लागायची वाट न बघता घोट घोट.

पडणं होणार, हे गृहीत धरा. बहुतेक वेळा पँट फाटते आणि हसू येतं. पण तीन प्रसंगी त्या माणसाचा दिवस तिथेच संपवायचा. डोकं आपटलं आणि तो तोच तोच प्रश्न विचारायला लागला, मळमळ झाली, गोंधळलेला वाटला, तर गाडी त्याच्या हातात पुन्हा द्यायची नाही, परतीच्या रस्त्यासाठीही नाही, आणि थेट दवाखाना. खांद्यावर पडला आणि हात वर जात नसेल, तर गळ्याजवळची हासळी मोडलेली असू शकते, मातीतली ही अगदी नेहमीची मोडतोड. आणि मानेत किंवा पाठीत दुखतंय म्हणाला तर त्याला हलवायचं नाही, हेल्मेट ओढून काढायचं नाही, उठून बसवायचं नाही, पाणी पाजायचं नाही. आपल्याकडे पडलेल्या माणसाला चार जण लगेच उचलून कडेला आणतात. प्रेमापोटी करतात, पण करू द्यायचं नाही. १०८ ला फोन लावा आणि एकाला फाटकापाशी उभं करा, कारण ॲम्ब्युलन्सवाल्याला तुमचा ट्रॅक कुठे आहे ते ठाऊक नसतं. हाडाचा डॉक्टर आणि एक्स-रे असलेला सगळ्यात जवळचा दवाखाना कोणता, हे पार्कच्या माणसाला सकाळी पोचल्या पोचल्या विचारा. वर्धा रोडच्या बाजूला असाल तर मिहानमधलं एम्स, नाहीतर शहरातली मेडिकल किंवा मेयो ही सरकारी रुग्णालयं. अशी माहिती घाबरलेल्या डोक्याने शोधायची नसते.

कागदांचंही थोडक्यात. पार्क एका फॉर्मवर सही घेईल, जोखीम माझी वगैरे. साळ्याने तो स्वतः वाचावा आणि स्वतः सही करावी. तुम्ही त्याच्या वतीने काही लिहू नका, सत्तावीस वर्षांचा आहे तो. दुसरं, गाडीच्या नेहमीच्या विमा पॉलिसीत संघटित शर्यत, वेगाची चाचणी असल्या वापराला संरक्षण नसतं. दुपारी कोणीतरी मोबाइल काढून 'टाइम लावू या का' म्हणणारच. तेव्हा ही ओळ त्याला वाचून दाखवा. मला विचाराल तर विमा नसता तरी मी टाइम लावू दिला नसता. घड्याळ काढलं की आठ मित्रांचे आठ स्पर्धक होतात.

दिवसाचा शेवट आधी ठरवून टाका. जेवणानंतर अंग जड होतं, हात थकलेले असतात, आणि 'एक शेवटची फेरी' हीच बहुतेकांना महागात पडते. नोव्हेंबरअखेर नागपुरात साडेपाचच्या सुमाराला सूर्य जातो. तीनला हेल्मेट खाली आलं, तर हवा भरून, आरसे लावून, चहा घेऊन उजेडात घरी पोचाल. त्याच गाड्यांवर परतायचंय हे लक्षात असू द्या, आणि एखाद्या छोटा हत्तीवाल्याचा नंबर आधीच मोबाइलमध्ये घालून ठेवा. गाडी बिघडली किंवा माणूस थकला तर गाडी टेम्पोत आणि माणूस दुसऱ्याच्या मागे. त्यात कमीपणा वाटायचं काही कारण नाही, हे साळ्याला आणि त्याहून जास्त त्या सहा चाळिशीवाल्यांना सांगावं लागेल.

शनिवारी रात्री पार्टी करू नका. दारूचं तर बोलायलाच नको, पण सावजीही नको. तो रस्सा रिचवून दुसऱ्या दिवशी फूटपेगवर उभं राहून दगडांवरून उड्या मारायच्या, हे धाडस माझ्या मते अवघड ट्रॅकपेक्षा मोठं आहे.

हे सगळं तोंडी सांगू नका. तोंडी सांगितलेलं प्रत्येकाला वेगळं आठवतं. आठवडाभर आधी ग्रुपवर टाका, साधारण असं :

'मंडळी, रविवारी सहाला निघू. साळा येऊन राहिला, सकाळी तो प्रशिक्षकाकडे. आणखी कोणाला जायचं असेल तर सांगा, मी नाव देतो. बाकीच्यांनी तिघांपेक्षा कमी जणांत ट्रॅकवर जायचं नाही. एकट्याने अजिबात नाही. बूट आणि गार्ड नसतील त्याने बाहेर बसायचं, मग तो मी का असेना. टाइम लावायचा नाही. साडेबाराला सगळे जेवायला, मग एक फेरी एकत्र, पुढे मी, शेवटी आपला पट्टीचा माणूस. तीनला बंद म्हणजे बंद. शनिवारी पार्टी नाही. रविवारी रात्री सावजी माझ्याकडून.'

शेवटची ओळ वगळू नका. तिच्यामुळे बाकीच्या ओळी वाचल्या जातात.

राहिलं घर. बायकोला आणि सासूबाईंना 'काही होत नाही हो' असं म्हणू नका. त्यांना ते खोटं आहे हे कळतं, आणि खोटं कळलं की रोजचा एक फोन दोन होतात. त्यांना सांगा की तो पडेल, कपडे मळतील, एखादं खरचटेल. मग हे सांगा की शिकवणारा माणूस ठरवलाय, बूट-गार्ड बघितलेत, दवाखाना माहीत आहे, आणि अंधाराआधी परत. आईला तपशील दिले की तिची काळजी जात नाही, पण तिला विचारायला नेमके प्रश्न मिळतात, आणि नेमक्या प्रश्नांना उत्तरं देता येतात. आणि 'धडधाकट परत आणा' ही अट मात्र स्वीकारू नका. नीट समजावून, गोडीने, पण नाही म्हणा. तुम्ही सोय करू शकता, रांग लावू शकता, वेळेवर थांबवू शकता. थ्रॉटलवर हात त्याचाच असतो. हे बायकोसमोर साळ्यालाही ऐकू द्या, त्याच्या चेहऱ्यावरची मजा जराशी कमी होईल, आणि तेवढी व्हायलाच हवी.

संध्याकाळी पोचल्याचा फोन सासूबाईंना तुम्ही करू नका. तो त्याला करू द्या.